मदत हवी आहे : बॉनेटवरचे रंगाचे टवके घरीच भरायचे आहेत

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणचा. बाबांची २०१४ ची वॅगनआर आता मी चालवतो, रंग सिल्व्हर मेटॅलिक. गेल्या महिन्यात महामार्गावर डंपरच्या मागे सापडलो आणि खडीने बॉनेटवर सात-आठ टवके उडाले. बहुतेक ज्वारीच्या दाण्याएवढे, तळाशी राखाडी प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) दिसतो. दोन ठिकाणी मात्र पत्रा उघडा पडलाय आणि एकाच्या कडेला तांबूस गंज धरलाय. नख लावलं की रंगाचा पापुद्रा सुटतो, म्हणजे गंज आत सरकतोय. पावसाळ्याआधी हे झालंच पाहिजे.

गॅरेजवाला म्हणतो, अख्खं बॉनेट रंगवू. पण बाकीचा कंपनीचा रंग अजून छान आहे. बाबा दर रविवारी गाडी स्वतः पुसायचे, तो रंग घासून काढायला मन होत नाही.

रंगाचा कोड बघून टचअपची बाटली आणि क्लिअर कोट (रंगावर लावायचा पारदर्शक थर) आणलाय. गंजलेल्या जागी थेट रंग लावला तर चालेल का? आणि झाकणातल्या ब्रशने एका पुठ्ठ्यावर लावून पाहिला तर जाड थेंब बसतो, त्याला काय करू?

प्रतिसाद :
थेट रंग अजिबात लावू नका. गंज आत राहिला तर रंगाखाली वाढतच जातो. सुटलेला पापुद्रा काढा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत टोकदार कटरने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि लगेच प्रायमर लावा. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका. जिथे जुना प्रायमर शाबूत आहे तिथे नुसता रंग पुरे.

ब्रश बाजूला ठेवा, टूथपिकच्या टोकाने थेंब सोडा. एकदम खड्डा भरू नका. पातळ थर, मध्ये अर्धा तास. मेटॅलिकची बाटली दर वेळी खूप हलवा, चमकीचे कण तळाशी बसतात आणि रंग गडद दिसतो. शेवटी क्लिअर कोट किंचित वर येईल इतका. आठवडाभर थांबून २००० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायचा बारीक घासकागद) फक्त तो उंचवटा घासा, मग रबिंग कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) लावा. दमट दिवशी काम नको, क्लिअर कोट दुधाळ होतो. जवळून पाहिलं तर डाग थोडा कळेलच, पण पत्रा वाचेल.

धागाकर्ता :
मनापासून आभार. आज कोरडं ऊन होतं, गाडी सावलीत घेऊन दोन्ही जागा खरवडल्या. गंज दिसत होता त्याच्या दुप्पट निघाला, पण भोक नाही. प्रायमर लावून झालाय. त्यावर रंग उद्या सकाळी लावला तर चालेल ना?