गिरिराज म्हणून घेतली, पण चार पांढरी निघाली

कोरेगावची वहिनी:
आठवडी बाजारातनं गिरिराज जातीची म्हणून कोंबडीची बारा पिल्लं आणली. महिना झाला. आठ रंगीत, दिवसभर उकिरडा उकरतात. चार पांढरीफेक, जाड पिवळे पाय, खाद्याचं भांडं सोडत नाहीत. सासूबाई म्हणतात, आळशी जात! एक आता लंगडतंय.

तासगावकर:
वहिनी, ती चार ब्रॉयलर, मांसासाठी वाढवतात ती. छाती चाचपून बघा, रुंद लागेल. सहा आठवड्यांत दोन किलो भरतात, पण पाय त्या वजनाला पुरत नाहीत. मी हौसेनं तीन महिने ठेवलेली. एप्रिलच्या उन्हात दोन धापा टाकत गेली. रात्री खाद्य काढा, पाणी राहू द्या. सातव्या आठवड्यापुढं ठेवू नका.

कोरेगावची वहिनी:
आणि रंगीत?

तासगावकर:
गिरिराज असतील नाहीतर वनराज, तीही तसलीच सुधारित जात. गिरिराज बेंगळुरूचा, वनराज हैदराबादचा. पिसांवरनं मला तरी फरक कळत नाही. दोन्ही अंगानं जड, गावरानासारखी झाडावर चढत नाहीत, मुंगसाला आयती सापडतात. खुराडं पक्कं करा. राणीखेत रोगाची लस दिली का?

मिरजेचा नवखा:
पांढरी खुडूक बसतील का हो?

तासगावकर:
तेवढी जगली तर ना!

कोरेगावची वहिनी:
लस उद्याच विचारते. लंगडं या रविवारी कापू, बाकीची पांढरी पुढच्या.