‘सोकावणे’ म्हणजे नुसती सवय?

एका अनुवादात अडलंय. दहा वर्षांचा मुलगा वसतिगृहात महिनाभर रडतो, मग त्याला तिथली सवय होते. मी लिहिलं, ‘पोरगा वसतिगृहाला सोकावला.’ सासूबाई वाचून म्हणाल्या, “का गं, तिथे चोरून साय खातो की काय?” माझ्या माहेरी हा शब्द सर्रास वापरतात. चुकलं का माझं?

— सासूबाईंना पैकीच्या पैकी! सोकावायला आधी काहीतरी आयतं मिळावं लागतं. आमच्याकडे एकदा पातेल्यावरचं झाकण तिरकं राहिलं, तेवढ्यावर बोका सोकावला. रोज पहाटे खिडकीच्या गजांतून डोकं आत. तुमचा मुलगा ‘रुळला’.

— मग ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो’चं काय? काळ कुठे साय खातो?

— म्हातारी खातो की! चटक लागली की पुढचं घर.

— ‘रुळला’ नको. रूळ आले १८५३ साली, बोरीबंदर ते ठाणे. त्याआधी माणसं रुळत नव्हती?

— केस खांद्यावर रुळतात ते आगगाडीने येऊन का?

— मुळात ‘सोकावणे’ अरबी ‘शौक’वरून आलाय. फक्त आपलेच शब्द वापरायचे तर ‘सरावला’ लिहा, ताई.

— काका, तुमच्या वाक्यातला ‘फक्त’ अरबी आहे. आणि शौक कुठून आणलात? आमच्याकडे मराठवाड्यात ‘लई सवकलाय’ म्हणतात. ‘अव’चा ‘ओ’ होतोच: लवणाचं लोण, नवनीताचं लोणी. तसंच सवकणेचं सोकणे.

— ध्वनी जुळले म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. ‘फक्त’बद्दल मात्र कान पकडतो.

— ‘सरावला’ हाताला शोभतं. पोळ्या लाटून हात सरावतो. घर सोडून आलेलं पोर सरावत नाही.

— आमची गाय शेजाऱ्याच्या मक्याला सोकावली होती. आजोबांनी गळ्यात लोढणं बांधलं. बाभळीचा ओंडका, पळायला लागली की पुढच्या पायांवर आपटायचा. तरी जायची, लंगडत.

— लोढणं नव्हे, लोढणा.

— आमच्याकडे लोढणंच म्हणतात. अन् गळ्यात पडलेल्या नातेवाइकालाही.

— अहो, मला उद्या मजकूर द्यायचाय. ‘रुळला’ ठेवू ना?

— लोढणाच. आमच्या गोठ्यात अजून टांगलेला आहे, फोटो टाकतो.