चर्चा: कास्तकाराने पैसे नेमके कशासाठी साठवावेत? लग्नासाठी, दवाखान्यासाठी की पुढच्या पेरणीसाठी?

वावरवाला (देवळी, जि. वर्धा)

आमच्या गावात पैसे कशासाठी साठवता असं विचारलं की उत्तरं ठरलेली येतात. पोरीचं लग्न, पोराचं शिक्षण, दवाखाना, घरावर स्लॅब. पेरणीसाठी साठवतो म्हणणारा क्वचितच भेटतो. माझं मत स्पष्ट आहे, कोरडवाहू कास्तकाराच्या बचतीचं पहिलं कारण पुढची पेरणीच असायला पाहिजे. बाकीचं सगळं त्यानंतर.

पाच एकर पऱ्हाटीचा (कपाशीचा) हिशेब करा. २०२५ च्या हंगामात बीटी बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. एकरी दोन पाकिटं धरली तर ९,०१० रुपये. डीएपी खताची बॅग १,३५० ची, एकरी एक म्हणजे ६,७५०. झाले १५,७६०, आणि यात नांगरणी, तणनाशक, मजुरी काहीच धरलेलं नाही. मृगाच्या तोंडावर एवढी रोकड नसली की कृषी केंद्रावर उधारी आली. उधारीत रोखीचा भाव मिळत नाही. बियाणंसुद्धा आपल्या पसंतीचं मिळत नाही, दुकानात जो माल पडून असतो तो पुढे सरकवला जातो. मग दिवाळीत सोयाबीन निघालं की देणेकरी दारात, त्यामुळे भाव पडलेला असतानाच माल काट्यावर न्यावा लागतो. जूनमध्ये सोळा हजार कमी पडले म्हणून नोव्हेंबरात भाव आपल्या हातून जातो. बचतीने ही साखळी तोडता येत असेल तर लग्नाआधी ती तोडायला नको का?

मोर्णाकाठ (अकोला)

वावरवाला भाऊ, हिशेब बरोबर आहे, पण निष्कर्ष पटत नाही. मग पीककर्ज कशासाठी आहे? तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून शेतकऱ्याला व्याज पडत नाही. राज्याची सवलत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानेच आहे. बिनव्याजी पैसा मिळत असताना घरची रोकड मातीत का घालायची? पेरलं आणि पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी. बँकेचं कर्ज अडलं तर पुनर्गठनासाठी, म्हणजे फेडीचे हप्ते नव्याने पाडून घेण्यासाठी, अर्ज तरी करता येतो. घरची जमा गेली तर अर्ज कोणाकडे करणार?

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. बचत वावरापासून दूर ठेवा. मी पोरीच्या नावाने सुकन्या समृद्धीचं खातं काढलं आहे. ती दहा वर्षांची व्हायच्या आत काढावं लागतं, वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी चालतं, जानेवारी २०२४ मध्ये व्याज ८.२ टक्के झालं. ती अठराची झाली की शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. पऱ्हाटीवर बोंडअळी येवो की सोयाबीनवर यलो मोझॅक, त्या पैशाला धक्का लागत नाही. बापाला मधूनच मोह झाला तरी त्याला हात लावता येत नाही, आणि मला तेच हवं होतं.

उलंगवाडी (यवतमाळ)

मोर्णाकाठ भाऊ, पीककर्ज भेटते कोणाले? ज्याच्या नावानं सातबारा हाय त्याले. मी दुसऱ्याचं वावर ठेक्यानं करतो. बँकेच्या दारात मी कास्तकारच नाही. आन ज्याइच्या नावानं सातबारा हाय, त्याइच्यात बी थकीत किती हायेत ते पाहा. २००८ ची कर्जमाफी झाली, २०१७ ची झाली, २०१९ ची झाली. पुढची माफी येईन म्हनून लोकं थांबतात, आन थकीत खात्यावर बँक नवं कर्ज देत नाही. मंग जूनमंधी त्याइनं जावं कुठी?

पन वावरवाला भाऊ, तुमचं बी मले पुरं पटत नाही. चुकारा, म्हंजे विकलेल्या मालाचा पैसा, हातात येते तवा दारात चार जन उभे असतात. किरान्यावाला, फवारनीवाला, ठेक्याचा मालक. वेचनीच्या बायाइले बजाराच्या दिवशी पैसे देनंच लागते, त्याइच्या घरी त्या पैशावर आठवडा निघते. त्याइची मजुरी थांबवून मी पोस्टात भरू काय? उरलं त साठवीन मानूस. उरतच नाही त काय साठवावं?

वावरवाला

मजुरी थांबवा असं मी कधीच म्हणणार नाही दादा. ती पहिली द्यायची, त्यात वाद नाही. माझं भांडण "उरलं तर साठवीन" या हिशेबाशी आहे. तुम्ही सांगितलेल्या रांगेत चार जण आहेत, पाचवा पुढच्या जूनचा कृषी केंद्रवाला आहे. तो दिसत नाही म्हणून त्याचं देणं राहून जातं.

सोय कशी करायची तेही सांगतो. पोस्टात एक वर्षाची मुदत ठेव हजार रुपयांपासून करता येते. सहा महिन्यांच्या आत ती मोडता येत नाही. सहा महिन्यांनंतर मोडली तर फक्त बचत खात्याचं व्याज मिळतं, त्याचं मला वाईट वाटत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चुकाऱ्यातले पाच हजार ठेवले तर ते मृग लागायच्या वेळी सुटतात. मधे संक्रांत, लग्नसराई, गावची जत्रा येते, कोणी कितीही गळ घातली तरी पोस्टमास्तर पैसे देणार नाही. सोळा हजार एका वर्षात जमणार नाहीत. पण पाच हजार जमले तरी बियाण्याची पाच पाकिटं रोखीने, स्वतःच्या पसंतीची येतात.

पुसदकर

एवढी पोस्टाची भानगड कशाला? दोन शेळ्या घ्या. अडचण आली की बाजारात न्या, पैसे हातात. नाहीतर गावातली पतसंस्था बँकेपेक्षा जास्त व्याज देते, घरी येऊन रोजचे पन्नास-शंभर घेऊन जाते.

मोर्णाकाठ

शेळीबद्दल मी बोलत नाही, ज्याच्या घरी चारणारं माणूस आहे त्याने जरूर पाळावी. एवढंच लक्षात ठेवा, दुष्काळी सालात सगळेच विकायला नेतात आणि भाव पडतो.

पतसंस्थेबद्दल मात्र बोलणं भाग आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. आमच्या भागातली एक पतसंस्था बुडाली तेव्हा हमाली करणाऱ्या माणसांचे रोजचे पन्नास-पन्नास रुपये त्यात गेले. दाराशी येऊन पैसे नेणारा माणूस चांगला असेल, ओळखीचा असेल, पण संस्था बुडाल्यावर तोही काही करू शकत नाही.

रोवणा (लाखांदूर, जि. भंडारा)

इथे सगळे दादा लोक चुकारा, सातबारा, पेरणी बोलत आहेत. ज्या बाईकडे वावरच नाही तिने कशासाठी साठवायचं, हे कोणी विचारलं नाही.

मी रोवण्याच्या (धान लावणीच्या) आणि धान कापणीच्या मजुरीवर जगणाऱ्या बायांच्या बचत गटाची सचिव आहे. आमच्यातल्या एकीलाही विचारलं तर ती लग्न किंवा शिक्षण आधी सांगत नाही. ती सांगते, पोराला रात्री ताप आला तर कोणाच्या दारात जायला नको. नवऱ्याला विचारायला नको. बाईच्या बचतीचं पहिलं कारण हे आहे, आणि पुरुषांच्या यादीत ते सापडत नाही.

पूर्वी हे पैसे तांदळाच्या डब्यात असायचे. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा बायांना ते डबे नवऱ्यापुढे उपडे करावे लागले, कारण कित्येकींच्या नावाने बँकेत वापरातलं खातंच नव्हतं. आमच्या शेजारणीने पोळ्याला, दिवाळीला वाचवलेल्या नोटा चिंधीत बांधून ठेवल्या होत्या. त्या बदलून आल्या आणि तिच्या हाती परत आल्याच नाहीत. त्यानंतर तिने गटात नाव घातलं. आता पैसे वहीत तिच्या नावापुढे लिहिलेले असतात.

उलंगवाडी दादा, तुम्ही म्हणता उरत नाही. आमच्या गावात छोटी कर्जं देणारा फायनान्सवाला वसुलीला दर आठवड्याला येतो आणि प्रत्येक बाई हप्ता भरते, भर पावसाळ्यात काम नसतं तेव्हाही भरते. म्हणजे आठवड्याला पैसे बाजूला निघतात. ते दुसऱ्याच्या व्याजात जातात एवढंच. गटातून काढलं तर शेकडा दोनने महिन्याचं व्याज आम्हीही घेतो, पण ते व्याज वर्षाअखेर आमच्यातच राहतं.

उलंगवाडी

ताई, हप्त्याचं तुमचं बोलनं खरं हाय. फायनान्सचा हप्ता भरला नाही त चारचौघात बोलनं खावं लागते, त्या भेवानं मानूस कुठूनही आनते. स्वताच्या बचतीचं भेव कोन दाखवन? मले एक सांगा, चुकारा फेब्रुवारीत भेटला त वावरवाला भाऊची पोस्टाची ठेव ऑगस्टात सुटन. तवा पेरनी होऊन पऱ्हाटी गुडघ्याले लागली असते.

वावरवाला

बरोबर पकडलंत. फेब्रुवारीच्या चुकाऱ्याला ती ठेव उपयोगी नाही. ते पैसे बायकोच्या बचत खात्यात ठेवा आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊ नका.

रोवणा

किंवा वहिनींना गटात घाला. आम्ही ठराव लिहून घेतला आहे की मे महिन्यात लग्नासाठी कोणालाही कर्ज द्यायचं नाही. जमा जूनपर्यंत राखायची, कारण ज्या बाया थोडं धान लावतात त्यांना पऱ्ह्यांसाठी (धानाच्या रोपांसाठी) बियाणं तेव्हाच घ्यावं लागतं.

उलंगवाडी

हा ठराव मले मान्य नाही ताई. वावर काय, यंदा नाही त पुढच्या साली पेरता येते. पोरीचं जमलेलं लगन मे मंधीच असते आन पाव्हने जूनपर्यंत थांबत नाहीत. गटात पैसे असून बाईले परत फायनान्सवाल्याच्याच दारात जावं लागन, त तो गट तिच्या काय कामाचा?

रोवणा

दादा, त्या लग्नाची तारीख दिवाळीतच ठरलेली असते. तेव्हापासून सहा महिने तिच्या हातात असतात. दुखण्यासाठी मे महिन्यातही कर्ज देतो, रात्री देतो. लग्नासाठी नाही देत, आणि हा ठराव बायांनीच हात वर करून केला आहे.