फ्री सॉफ्टवेअर आणि ओपन सोर्स: मतभेद नेमका कशाचा?

प्रश्न (सांगली): मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानासाठी विक्रीची हिशोबपट्टी छापणारा प्रोग्रॅम मी लिहिला असून तो सर्वांना खुला करायचा आहे. त्यासाठी एक मित्र जीपीएल हे लायसन्स सुचवतो (बदललेला प्रोग्रॅम वाटणाऱ्यालाही कोड खुला ठेवायला लावणारे), दुसरा एमआयटी (फारशा अटी न घालणारे). यामागे फ्री सॉफ्टवेअर आणि ओपन सोर्स असे दोन पक्ष आहेत म्हणतात; त्यांच्यात खरोखर वैचारिक अंतर आहे का?

उत्तर १: आहे, आणि ते हेतूचे आहे. फ्री सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बनवण्याचा प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून प्रोग्रॅम वापरणे, अभ्यासून बदलणे आणि वाटणे हा वापरकर्त्याचा हक्क आहे, अशी त्यांची भूमिका राहिली. १९९८ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने आपला कोड खुला करण्याचे ठरवल्यावर ‘ओपन सोर्स’ हे नाव पुढे आले, कारण ‘फ्री’ म्हणजे फुकट असा गैरसमज होत असे आणि कंपन्यांना नीतीपेक्षा गुणवत्तेची भाषा लवकर पटेल, असे ते नाव सुचवणाऱ्यांना वाटत होते. (मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ वेगळे आहेत, हे आपले भाग्यच.)

उत्तर २: नीतीचा मुद्दा मला पुस्तकी वाटत नाही. आमच्या दुकानातील बंदिस्त (कोड न देणारा) प्रोग्रॅम बनवणाऱ्याने व्यवसाय सोडला आणि हमालीचा दर बदलता येईना, म्हणून हंगामभर प्रत्येक पट्टीवरचा आकडा पेनाने खोडून लिहावा लागला. दोन्ही लायसन्स दोन्ही पक्षांना मान्य आहेत. मात्र एमआयटी घेतल्यास आपलाच कोड कोणीही बंदिस्त करून विकू शकतो. आपण जीपीएल घ्यावे.

उत्तर ३: जीपीएलमध्येही आवृत्ती पाहावी. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने बदललेला कोड चालू न देणाऱ्या उपकरणांना आळा घातला, तरी लिनक्स कर्नल (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) दुसऱ्याच आवृत्तीवर राहिले.