मदत हवी आहे: पुरस्कारवाली ॲनिमे बघू की एक नंबरवाली?

नमस्कार मंडळी,

लेक सातवीत आहे. परीक्षा संपली की तिच्यासोबत एक ॲनिमे (जपानी कार्टून) मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची, असं कबूल करून बसलोय. माझी पुंजी म्हणजे दूरदर्शनवरचा मोगली. तोही जपानी होता, हे परवा लेकीकडूनच कळलं.

घरात दोन पक्ष पडलेत. भाचा 'सोलो लेव्हलिंग'वर अडून आहे, कारण क्रंचीरोल या ॲनिमे दाखवणाऱ्या ॲपच्या २०२५ च्या पुरस्कारांत वर्षातली सर्वोत्कृष्ट ॲनिमे तीच. लेक म्हणते 'फ्रीरेन', कारण मायॲनिमेलिस्ट या प्रेक्षकांनी गुण द्यायच्या साइटवर त्या मालिकेने एक नंबरवरच्या 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड'लाही मागे टाकलं. दोघी एकाच वर्षी शर्यतीत होत्या म्हणे. मग एक नंबरवाली हरली कशी? वर्गणी एकाच ॲपची भरणार आहे. हिंदी डब असेल तर उत्तम. आणि पोरीशेजारी बसून बघताना रिमोट शोधायची वेळ येऊ नये, एवढं बघा.

रात्रपाळी:
हरली वगैरे काही नाही, हिशोबच वेगळे आहेत. क्रंचीरोलमध्ये परीक्षक आधी नामांकनं ठरवतात, मग जगभरातून लोक मतं देतात. निकालात परीक्षकांचं वजन ७० टक्के, लोकांचं ३०. आणि पुरस्कार देणारी कंपनी तीच, मालिका दाखवणारीही तीच, हे विसरू नका. लबाडी करतात असं म्हणत नाही, पण २०२४ च्या टोकियोतल्या सोहळ्याला रश्मिका मंदानाला बोलावलं ते काय उगाच? इथलं गिऱ्हाईक दिसतंय त्यांना.

मायॲनिमेलिस्टवर गुण कोणीही देतं, फक्त निदान पाचवा हिस्सा भाग बघितल्याशिवाय ते सरासरीत धरत नाहीत. तिथली खरी गंमत म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या सीझनचे आकडे जरा फुगलेलेच असतात. पहिला सीझन ज्यांना आवडला नाही, ते पुढे गुण द्यायला येतातच कुठे?

पावसाळी:
दादा, आधी वयाचं बघा. 'सोलो लेव्हलिंग'च्या सुरुवातीलाच एका भुयारी देवळात दगडी पुतळे माणसं चिरडतात, कापतात. नायकाचा पाय जातो. बारा वर्षांच्या मुलीबरोबर नको. भाच्याला एकट्याला बघू दे. ॲपवर यू/ए १३+, १६+ असं लिहिलेलं असतं, पण २०२१ च्या नियमांप्रमाणे तो शिक्का ॲपवालेच मारतात, सेन्सॉर बोर्ड नाही. म्हणून पहिले दोन भाग पोरं झोपल्यावर स्वतः बघून घ्यायचे, मी तरी तसंच करते.

'फ्रीरेन' बिनधास्त लावा. थोडं रक्त आहे, पण गोष्टीचा जीव त्यात नाही. गोष्ट सुरू होते तेव्हा राक्षसांचा राजा मरून दहा वर्षांची मोहीम संपलेलीसुद्धा असते! पन्नास वर्षांनी म्हातारा झालेला वीर हिमेल जातो, आणि मोहिमेत त्याच्यासोबत असलेली, हजारावर वर्षं जगलेली जादूगार फ्रीरेन त्याच्या अंत्यविधीला रडते, की इतकी वर्षं बरोबर होतो पण मी याला ओळखून घ्यायचा प्रयत्नच केला नाही. तुम्ही रुमाल घेऊन बसा, लेकीला काही होणार नाही. जपानमध्ये २९ सप्टेंबर २०२३ ला पहिले चार भाग सिनेमाच्या वेळेत सलग दाखवले होते. तुम्हीही चार एका बैठकीत बघा, नाहीतर संथ वाटेल. पहिला सीझन २८ भागांचा.

रात्रपाळी:
हिंदीच हवी असेल तर 'स्पाय एक्स फॅमिली', क्रंचीरोलवर हिंदी डब आहे. बाप गुप्तहेर, आई मारेकरी, दत्तक पोरगी मनातलं ओळखणारी, आणि कोणीच कोणाला सांगत नाही. २०२३ चा सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा पुरस्कार हिलाच. बाकी कुठलीही मालिका असो, पैसे भरण्याआधी तिच्या पानावर ऑडिओच्या भाषा तपासा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. चार भाग सलग बघायचे म्हटल्यावर लेक खूश, भाचा रुसलाय. आईच्या प्राइमवर क्रंचीरोल दिसतं, ते त्याच पैशांत येतं का?

रात्रपाळी:
नाही हो, तिथे ते चॅनल म्हणून जोडावं लागतं. प्राइमच्या वर वेगळी वर्गणी.