जुनी ऑक्टाव्हिया आरएस घ्यायचीय, हिशोब तपासून द्याल का? (सांगली)

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० (ऑक्टाव्हियाची जास्त ताकदीची आवृत्ती) बघतोय. बेंगळुरूची, केए नंबर, ४८,००० किमी, दुसरा मालक. मागणी २० लाख. माझा हिशोब असा:

दोघांचा पगार हातात १,३०,०००. घराचा हप्ता ३१,०००. घरखर्च आणि मुलांची शाळा मिळून ४५,०००. एसआयपी आणि विमा २०,०००. म्हणजे महिन्याला ३४,००० उरतात. बेदाण्याचे वर्षाला तीन-चार लाख येतात, पण दर पडला तर दीडवरही थांबतात. बँकेत ११ लाख आहेत. त्यातले १० लाख गाडीत घालायचे आणि उरलेल्या १० लाखांचं चार वर्षांचं कर्ज काढायचं, असा बेत आहे. बँक १२ टक्के सांगतेय. घरी स्विफ्ट आहे, ती रोजच्या कामाला राहीलच. आरएस वर्षाला जास्तीत जास्त दहा हजार किमी चालेल.

हप्ता बसतो, हे दिसतंय. प्रश्न असा की गाडी *सांभाळणं* बसतं का? आणि बघायला जाताना नेमकं काय तपासू?

---

हिशोबनीस

दादा, आकडे एवढे मोकळेपणाने मांडलेत, तर उत्तरही आकड्यांतच देतो.

१० लाख, १२ टक्के, ४८ महिने: हप्ता २६,३३४. तुम्ही इथेच थांबलात. पुढचा खर्च वर्षाला १०,००० किमी धरून मांडतो.

पेट्रोल: ही गाडी गाव आणि हायवे मिळून सरासरी १० च्या आसपास देते असं धरा. १,००० लिटर. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल ११२ रुपये धरलं तर १,१२,०००.

विमा: १५०० सीसीच्या वरच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टीच ७,८९७, वर १८ टक्के जीएसटी. ओन डॅमेज (आपल्याच गाडीचं नुकसान) आणि इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने वगैरे इंजिन गेलं तर) धरून ४०,००० ठेवा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. त्यामुळे त्याने दाखवलेला विम्याचा हप्ता तुम्हाला लागू नाही.

सर्व्हिस: दरवर्षीचं ऑइल-फिल्टर, शिवाय दोन-चार वर्षांनी येणारी कामं (डीएसजी म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, ब्रेक फ्लुइड, प्लग) वाटून ३५,०००. टायर चौदा हजाराला एक असे चार, आयुष्य ३०,००० किमी, म्हणजे वर्षाला १९,०००. ब्रेक पॅड-डिस्क १२,०००. बॅटरी ३,०००.

बेरीज २,२१,०००. महिन्याला १८,४००. हप्ता मिळवला की ४४,७००. तुमच्याकडे उरतात ३४,०००. दर महिन्याला दहा-अकरा हजार कमी पडतात, आणि यात अजून काहीही मोडलेलं नाही.

बेदाण्याचे पैसे हप्त्याच्या हिशोबात धरू नका. हप्ता पाच तारखेला कापला जातो, बेदाण्याचा सौदा पाच तारीख बघून होत नाही. ती रक्कम वर्षातून एकदा मुद्दल फेडायला वापरा. त्याआधी बँकेला लेखी विचारा की मुदतपूर्व भरल्यावर किती टक्के लावणार. वाहनकर्ज बहुतेक वेळा स्थिर दराचं असतं, आणि त्यावर दंड लावतात.

दुसरं, ११ पैकी १० लाख घालणं मला पटत नाही. हप्ता आणि घरखर्च मिळून ७६,०००, सहा महिन्यांचे ४,५६,००० होतात. त्यांना हात लावू नका. मग गाडीसाठी तुमचे स्वतःचे साडेसहा लाखच राहतात.

आता उलटीकडून मोजा. ३४,००० मधून चालवण्याचे १८,००० काढले की हप्त्याला १६,००० उरतात. १२ टक्क्यांनी चार वर्षांत त्यावर साधारण सहा लाख कर्ज मिळतं. साडेसहा आणि सहा मिळून साडेबारा. त्यातले दोन लाख दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. म्हणजे आज तुमची गाडी साडेदहा लाखांची आहे, वीस लाखांची नाही.

आणि खरा खर्च म्हणजे हप्ता नव्हे. चार वर्षांनी ही गाडी १३ लाखांना गेली असं धरलं, तर घसारा ७ लाख, व्याज २,६४,०००, चालवणं ८,८४,०००, आणि तुमच्या १० लाखांवरचं बुडालेलं ठेवीचं व्याज सुमारे अडीच लाख. एकूण २१ लाखांच्या आसपास. भागिले ४०,००० किमी केलं की किलोमीटरला ५२-५३ रुपये पडतात. सांगलीहून पुण्याला जाऊन येणं साधारण ४७० किमी, म्हणजे एका फेरीला जवळजवळ २५,०००. हा आकडा मान्य असेल तर गाडी परवडते. बाकी सगळं त्यानंतर.

---

माधवनगर_गॅरेज

हिशोबनीसांचा ३५,००० चा सर्व्हिसचा आकडा बरोबर आहे, पण नीट सांभाळलेल्या गाडीसाठी. गाडी कशी ओळखायची ते सांगतो.

इंजिन २.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), ताकद २३० पीएस, टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर ३५० न्यूटन-मीटर. घराणं ईए८८८, तिसरी पिढी. ऑइल ५.७ लिटर, फोक्सवॅगनच्या ५०२ ०० किंवा ५०४ ०० मानकाचं. कंपनी १५,००० किमीला बदला म्हणते. आपल्या धुळीत आणि उन्हात मी दहा हजाराला किंवा वर्षाला, जे आधी येईल त्याला बदलायला सांगेन. बिलांमध्ये दोन ऑइल बदलांतलं अंतर २०,००० च्या वर दिसलं तर ती गाडी सोडा.

या इंजिनचं सगळ्यात ठरलेलं दुखणं म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग. उष्णतेने प्लास्टिक वाकतं, सील सुटतं, कुलंट झिरपतो. जमिनीवर थेंब दिसत नाही, कारण गरम इंजिनवरच तो वाळतो. म्हणून गाडी पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा आणि इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, गिअरबॉक्सच्या बाजूला टॉर्च मारा. गुलाबीसर पांढरी खपली धरलेली दिसली की गळती आहेच. कुलंटची बाटली नुकतीच काठोकाठ भरलेली असेल, तर का भरली ते विचारा.

दुसरं, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन चढतो. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिला अर्धा मिनिट थरथरत असेल तर स्कॅनरवर मिसफायरचा (सिलिंडर नीट न पेटण्याचा) काउंट बघा. अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीने व्हॉल्व्ह साफ करतात. त्याची सोय आपल्याकडे सगळीकडे नाही, पुण्याला न्यावं लागू शकतं.

गिअरबॉक्स सहा गिअरचा डीएसजी, डीक्यू२५०, क्लच ऑइलमध्ये बुडालेला. चांगला आहे, पण दर ६०,००० किमीला ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदललेच पाहिजेत, आणि ऑइलची पातळी ठरलेल्या तापमानाला बघून भरावी लागते. ज्याच्याकडे स्कॅनर नाही त्याच्याकडे हे काम देऊ नका. तुमची गाडी ४८,००० वर आहे, म्हणजे सव्वा वर्षात ते बिल तुमच्या नावावर येणार. बघताना: न्यूट्रलला खालून खडखड येते आणि डीला टाकलं की थांबते का? तर फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं जड चाक) झिजलंय. पार्किंगच्या वेगाने पुढे-मागे करताना झटका? मीटरवर गिअरची अक्षरं लुकलुकतात? तर मेकॅट्रॉनिककडे (गिअर बदलणाऱ्या नियंत्रण युनिटकडे) बोट जातं, आणि ते काम लाखाच्या घरातलं धरा.

शेवटचं आणि माझ्या मते निर्णायक: रीमॅप केलेली आहे का, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर बदललंय का? स्टेज वनला, म्हणजे पहिल्या पायरीच्या रीमॅपला, टॉर्क ४०० च्या पुढे जातो, आणि क्लच, फ्लायव्हील, पुढचे टायर हे सगळं ३५० धरून बसवलेलं असतं. विकताना मूळ फाइल परत टाकतात, पण ईसीयू किती वेळा फ्लॅश झाला याची नोंद राहते. अधिकृत वर्कशॉपला विचारा की या चॅसिस नंबरवर टीडी१ चा (सॉफ्टवेअर बदलल्याच्या नोंदीचा) शिक्का आहे का. असेल तर वॉरंटी, गुडविल विसरा. शिवाय न कळवलेल्या बदलावरून विमा कंपनीही दावा अडवू शकते.

---

इर्विन_पूल

एक गोष्ट राहिली, आणि सांगलीकराने तर ती विसरूच नये. गाडी बेंगळुरूची आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे आउटर रिंग रोडच्या पट्ट्यात महागड्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या. आपल्याकडे २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

पुरातली गाडी धुऊन, पॉलिश करून, नवं मॅटिंग घालून येते. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत कुणी धुत नाही. चारही पट्टे पूर्ण बाहेर ओढा. आतल्या शेवटच्या वीतभर भागात मातकट रेघ दिसली तर तिथून निघा. सीटच्या रेल्सचे बोल्ट गंजलेत का बघा. डिकीतलं स्पेअर चाक काढून खालच्या खोबणीत बोट फिरवा, गाळ बारीक पिठासारखा लागतो. पुढच्या सीटखालच्या वायरिंगच्या जोडण्यांवर हिरवट थर आलाय का तेही बघा.

आणि गाडी घेतलीच तर उभी कुठे करणार? इर्विन पुलाजवळ ४५ फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी. तुमचं पार्किंग तळघरात असेल, तर इंजिन प्रोटेक्ट घ्या. पण पाण्यात बुडालेलं इंजिन सुरू करून बघितलं तर सिलिंडरमधल्या पाण्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तोच मुद्दा दाव्यात वादाचा होतो. बुडालेल्या गाडीचं बटण दाबायचंच नाही, बॅटरी सोडवायची आणि फ्लॅटबेड बोलवायची.

---

खंबाटकी४८

साताऱ्याहून लिहितोय. टायर आणि रस्त्याबद्दल थोडं.

२२५/४५ आर१७ चा टायर. ३५० न्यूटन-मीटर फक्त पुढच्या दोन चाकांवर उतरतं, म्हणून पुढचे टायर आधी जातात. दर ८-१० हजाराला पुढचे-मागचे अदलाबदल करा. घेताना टायरवरचे चार आकडे वाचा: ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी इतकं जुनं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. तसे असतील तर छप्पन हजार मागणीतून कमी करा.

साइडवॉल बुटकी असल्याने खड्ड्याच्या कडेवर आपटलं की फुगा येतो. हायवेच्या सहापदरीकरणाची वळणं, गावागावांतले न रंगवलेले गतिरोधक, ऊस हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या जोड-ट्रॉल्या: नोव्हेंबर ते मार्च रात्री ही गाडी जोरात चालवण्यासारखा रस्ता आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नाही. दिवसाही चौपदरीवर कारची मर्यादा १००. ट्रॅकवर न्यायचा विचार असेल तर पॉलिसीतली वापराची अट वाचा, शर्यत आणि वेगचाचणी त्यातून वगळलेली असते.

पेट्रोल ९५ चं टाका. कमी ऑक्टेनचं टाकलं तर नॉक सेन्सर इग्निशन मागे ओढतो (ठिणगी उशिरा पाडतो), इंजिन वाचतं, पण ज्या ताकदीसाठी पैसे मोजले ती मिळत नाही.

साडेदहा लाखांत बघायचं तर वापरलेली १.५ टीएसआयची व्हर्टस किंवा स्लाव्हिया, शक्यतो मॅन्युअल. १५० पीएस, २५० न्यूटन-मीटर. बजेट थोडं ताणावं लागेल, पण गाडी नवी, आणि व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिमी. त्याच पैशात जुनी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयही येते, १८० पीएसची. पण तिचा सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा, डीक्यू२००. गर्दीत आणि चढावर रांगताना तो तापतो. स्वस्त गाडीत नाजूक गिअरबॉक्स नको.

---

विश्रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा हजाराची तूट मी बघितलीच नव्हती. पार्किंग तळघरातच आहे, तेही लक्षात घेतलं नव्हतं. ही गाडी आत्ता घेत नाही. पण एका हंगामाने मुद्दल वाढलं आणि अशीच केए नंबरची चांगली गाडी मिळाली, तर कागदांचं काय? विकणारा म्हणतोय, "एनओसी देतो, बाकी तुमचं तुम्ही बघा."

---

हिशोबनीस

त्या "बाकी" मध्येच दीड-दोन लाख असू शकतात, म्हणून क्रम सांगतो.

आधी त्याच्या कर्जाचा बोजा उतरलेला हवा: बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. थकलेले चलान शून्य. मग तिथल्या आरटीओकडून फॉर्म २८ (हीच ती एनओसी), सांगलीच्या नावाने. इथे एमएच १० साठी फॉर्म २७, मालकी बदलायला २९ आणि ३०. गाडी राज्यात आल्यापासून बारा महिन्यांत नवा नंबर घ्यावा लागतो.

कर महाराष्ट्राचा नव्याने भरायचा. नवी असताना ही गाडी साडेचोवीस लाखांच्या आसपास होती. व्यक्तीच्या नावावरच्या, २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के. नवीला तो सव्वातीन लाख झाला असता, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो. नेमका आकडा मूळ बिलाची प्रत दाखवून आरटीओतून आधीच काढून आणा आणि तो सौद्यात वजा करा. कर्नाटकाचा उरलेला कर परत मागता येतो, पण त्यासाठी नवी नोंदणी दाखवावी लागते, वेळ लागतो, आणि तो परतावा कुणाच्या खात्यात जाणार हे करारात लिहून घ्यावं लागतं.

टोकन दिलंत तरी उरलेली रक्कम फॉर्म २८ हातात आल्यावरच द्या. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या.

तोपर्यंत एक करा. गाडी घेतलीच आहे असं समजून येत्या पाच तारखेपासून दर महिन्याला ४४,७०० आवर्ती ठेवीत टाका, एसआयपी न थांबवता, बेदाण्याला हात न लावता; ३४,००० च्या वर लागणारे दहा-अकरा हजार घरखर्चातून काढता येतात का ते कळेल. सहा महिने चुकला नाहीत तर २,६८,००० जमतील, ती तुमची दुरुस्तीची गंगाजळी. तिसऱ्या महिन्यात अडकलात तर ठेव मोडा, दंड किरकोळ बसेल. शिवाय कोल्हापूरच्या आणि पुण्याच्या वर्कशॉपला चॅसिस नंबर देऊन तीन भाव लेखी मागवा: वॉटर पंपचं हाउसिंग, मेकॅट्रॉनिक, पुढच्या दोन डिस्क. किंमत किती आणि पार्ट किती दिवसांत येतो, दोन्ही. आले की इथे टाका, ३५,००० चा आकडा त्यावरून पुन्हा मांडू.