माखनलाल चतुर्वेदींची जडणघडण : कोणाचा प्रभाव मोठा?

प्रश्न
हिंदी कवी माखनलाल चतुर्वेदींची 'पुष्प की अभिलाषा' ही कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. त्यांचा तुरुंगवास आणि 'कर्मवीर' या पत्राचे संपादन यांविषयी पुष्कळ वाचायला मिळते. परंतु होशंगाबाद जिल्ह्यातील बाबई (आजचे माखननगर) या गावी १८८९ साली जन्मलेला, प्राथमिक शिक्षकाचा हा मुलगा राष्ट्रीय काव्याकडे कसा वळला? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
माझ्या मते निर्णायक प्रभाव माधवराव सप्रे यांचा होता, आणि मराठी वाचकांनी तो आवर्जून जाणून घ्यावा. मातृभाषा मराठी असलेल्या सप्रे यांनी आयुष्य हिंदी पत्रकारितेला वाहिले, 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत आणले, आणि टिळकांचे विचार हिंदी भाषकांपर्यंत पोहोचावेत म्हणून १९०७ साली नागपुरातून 'हिंदी केसरी' सुरू केला. या पत्राने राष्ट्रीय आंदोलन आणि बहिष्कार या विषयावर घेतलेल्या निबंध स्पर्धेत, खांडव्याला शिक्षक असलेल्या तरुण माखनलालांचा निबंध पहिला आला. तेव्हापासून सप्रे यांना ते गुरुस्थानी मानू लागले. पुढे १९१३ साली 'प्रभा' मासिक निघाले, तेव्हा संपादनासाठी त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि ते 'एक भारतीय आत्मा' या नावाने लिहू लागले. १९२० साली जबलपूरहून निघालेल्या 'कर्मवीर'मागेही सप्रे यांचीच प्रेरणा होती.

उत्तर २
वरील माहिती मोलाची आहे. मात्र तिच्यातून पत्रकार उलगडतो, कवी पुरता उलगडत नाही. माखनलालांचे घराणे वैष्णव होते आणि भक्तिपदांचे संस्कार त्यांच्यावर लहानपणीच झाले होते. बिलासपूरच्या तुरुंगात लिहिलेली 'पुष्प की अभिलाषा'च पाहा. फुलाला देवाच्या मस्तकी चढण्याचे भाग्यही नको आहे. मातृभूमीसाठी शीर अर्पण करायला वीर ज्या वाटेने जातात, त्या वाटेवर आपल्याला फेकावे, एवढेच ते वनमाळ्याकडे मागते. राजकीय विचार टिळक-सप्रे परंपरेतून आला असेल, पण हे मागणे भक्ताचे आहे, आणि ते वृत्तपत्रे वाचून येत नाही.

उत्तर १ यांचा प्रतिसाद
आपले म्हणणे मान्य आहे. त्यात 'प्रताप' या पत्राचे संपादक गणेश शंकर विद्यार्थी यांच्या स्नेहाचीही भर घालावी लागेल. गणेश शंकर तुरुंगात असताना कानपूरच्या 'प्रताप'ची धुरा माखनलालांनीच सांभाळली होती.